चार गाडग्यांचे मास्तर

इंग्रजीत वाक्यं चार प्रकारची असतात हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी नऊ वर्षं मी त्याच भाषेवर पोट भरत होतो.

जुन्नरच्या मामलेदार कचेरीसमोर चिंचेखाली माझी बैठक असे. पुढ्यात लाकडी पेटी, पेटीवर दौत आणि समोर उकिडवे बसलेले आळे-ओतुराकडचे लोक. मी अर्जनवीस. माझं इंग्रजी म्हणजे शाळेतल्या तीन इयत्ता आणि अर्जांच्या नमुन्यांचं एक जुनं पुस्तक. त्या पुस्तकाची पहिली पानं उंदरांनी खाल्ली होती, म्हणून माझे अर्ज मधूनच सुरू होतात असं कचेरीतले कारकून म्हणत. म्हणोत बिचारे. माझ्या अर्जांना मागणी होती आणि त्यांच्या शेऱ्यांना नव्हती.

मागणीचं कारण सांगतो. अर्ज लिहून झाला की मी तो मोठ्यानं वाचून दाखवत असे. ऐकणाऱ्याला इंग्रजीचं अक्षर कळत नसे, पण दर दोन ओळींनी 'ॲलस', म्हणजे 'अरेरे', येई आणि तिथं मी आवाज कापरा करी. 'ओ लॉर्ड' आलं की आभाळाकडे बघे. बायका पदर डोळ्यांना लावत. पुरुष मान हलवून म्हणत, "लई दुख घातलंय राव अर्जात," आणि समाधानानं घरी जात. अर्जाचं पुढे काय होई ते विचारायला सहसा कुणी परत येत नसे, आणि मीही कधी चौकशी केली नाही.

मास्तर माझ्याकडे पहिल्यांदा आले ते एका बैलामुळे. ते गावातल्या इंग्रजी शाळेत वरच्या इयत्तांना शिकवत. प्लेगची दोन-तीन वर्षं सरली होती, गाव पुन्हा भरू लागलं होतं, तेव्हा ते पुण्याकडून आले. उंच, वाळलेले, अंगात गुडघ्यापर्यंतचा काळा कोट. डोक्यावरची पगडी कायम डाव्या कानावर कललेली असायची, कारण त्या बाजूला पगडीच्या घडीत ते कागदाची कात्रणं खोवून ठेवत. बोलता बोलता त्यातलं एक कात्रण काढायचं, खिशातल्या शिसपेन्सिलीनं त्यावर काहीतरी खरडायचं आणि परत खोवायचं. लोकांना वाटे हे गुप्त पोलिसातले असावेत.

त्या दिवशी ते चिंचेखाली आले आणि सरळ म्हणाले की तुम्ही परवा ज्याचा अर्ज लिहिलात त्याचा मुलगा माझ्या वर्गात आहे, अर्जाची नक्कल बघू. मी ऐटीत दिली. त्यांनी उभ्या उभ्या दोनदा वाचली. मग विचारलं, "बैल कुठं आहे?"

मी म्हणालो, "चोरीला गेलाय. म्हणून तर अर्ज केलाय."

"ते मला त्याच्या मुलानं सांगितलं. अर्जात कुठं आहे?"

मी कागद हातात घेतला. वरपासून खालपर्यंत पाहिलं. अकरा ठिकाणी 'ॲलस' होतं. दयेची भीक होती, साहेबाच्या मुलाबाळांना आशीर्वाद होते, गरिबाच्या अश्रूंचा पूर होता. बैल नव्हता. मास्तर माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि पगडीतली कात्रणं काढून त्यांनी माझा अर्ज वाक्यावाक्यानं वेगळा केला. इकडे उद्गार, इकडे विनवण्या. तिसरी जागा प्रश्नांची, ती रिकामी. चौथी जागा विधानांची, तीही रिकामी. मग म्हणाले, "तुम्ही ओरडलात आणि मागितलंत. काय झालंय ते कुणी सांगायचं? साहेबानं?" मला इतका राग आला की मी नक्कल त्यांच्या हातून ओढून घेतली. तरी त्या रात्री जेवताना माझ्या मनात तो बैल सारखा येत राहिला.

त्यांच्या वर्गात खिडकीच्या कोनाड्यात चार गाडगी मांडलेली असत. एकावर चुन्याची एक रेघ, दुसऱ्यावर दोन, असं चारापर्यंत. पहिलं विधानाचं, दुसरं प्रश्नाचं, तिसरं आज्ञेचं आणि विनंतीचं, चौथं उद्गाराचं. प्रत्येक मुलानं रोज कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं एक वाक्य कात्रणावर इंग्रजीत लिहून आणायचं आणि योग्य गाडग्यात टाकायचं. शनिवारी गाडगी पालथी होत. चुकीच्या गाडग्यात वाक्य सापडलं तर मास्तर छडी मारत नसत. ज्यानं ते वाक्य उच्चारलं त्या माणसाकडे जाऊन, तुम्हाला काय म्हणायचं होतं, असं विचारून यायला सांगत. एका पोरानं आईचं 'अजून उठला नाहीस का?' हे वाक्य दुसऱ्या गाडग्यात टाकलं होतं. मास्तर म्हणाले, आईला उत्तर हवं होतं का, विचारून ये. त्यानं विचारलं. आईच्या हातात तेव्हा लाटणं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं ते कात्रण आपण होऊन तिसऱ्या गाडग्यात नेऊन टाकलं.

रविवारच्या बाजारात ते स्वतः फिरत. घेत काहीच नसत, नुसते उभे राहून ऐकत आणि लिहीत. एक मारवाडी कापडवाले होते, दोन पिढ्या जुन्नरात राहून आमच्यासारखंच मराठी बोलणारे. मास्तर दुकानासमोर उभे राहतात म्हणून त्यांना आधी संशय आला, मग त्रास वाटला, आणि काही महिन्यांनी ते दर रविवारी संध्याकाळी हाक मारून विचारू लागले, "मास्तर, आज आमचं काय भरलं?" मास्तर कात्रणं चाळून सांगत की दिवसभर प्रश्नच प्रश्न, विधान एकच, तेही 'दुकान बंद झालं.' शेठजी पोट धरून हसत आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगत.

उद्गाराचं मास्तरांना वावडं होतं. आठवड्याला प्रत्येक मुलाला एकच उद्गार माफ. तोही कशासाठी वापरला ते सांगावं लागे. शिवनेरीच्या उतारावरून एकदा सकाळी एक तरस शाळेच्या अंगणात उतरलं. दाराशी बसलेला मुलगा किंचाळला. मास्तर फळ्याकडे तोंड करून होते. मागे न वळता म्हणाले, "पूर्ण वाक्य." पोरगं थरथरत इंग्रजीत म्हणालं, अंगणात एक तरस आहे. मास्तर म्हणाले छान, आता दार लावून घे, आणि मग फळा पुसून बाकीच्यांना हे वाक्य कितव्या गाडग्यात जाईल ते विचारलं. मी तिथं नव्हतो, त्यामुळे शपथ घेणार नाही. पण त्या वर्गातली जी जी माणसं मला पुढे भेटली त्या सगळ्यांनी ही हकिकत एकसारखी सांगितली, आणि जुन्नरात एकसारखी हकिकत दोन माणसंही सांगत नाहीत.

'माणसाची जात विचारू नका, वाक्याची विचारा,' हे त्यांचं नेहमीचं बोलणं. ब्राह्मण आळीत त्यावरून कुजबुज होई. त्यातून ते रोज शाळा सुटली की कागदीवाड्यात जात. जुन्नरचा हातकागद तेव्हा नावाजलेला होता आणि तो करणारी मुसलमान घरं नदीकडच्या अंगाला राहत. तिथं कागदाच्या कडा कापून जी कात्रणं पडत, ती मास्तर पिशवीत भरून आणत. कात्रणं गोळा करायला पाच मिनिटं लागत, पण ते तास तास बसत. कागदी लोकांमध्ये सगळ्यांत वडील एक चाचा होते, पांढरी दाढी, पाण्यात हात राहून राहून बोटं फुगलेली. तागाची जुनी पोती कुटून, धुऊन त्यांचा लगदा हौदात सोडलेला असे. चाचा कमरेपर्यंत वाकून हौदात साचा बुडवत, अलगद वर काढत, पाणी निथळलं की ओला ताव शेजारच्या थप्पीवर उलटा करत. पुन्हा वाकत. दिवसभर हेच. मास्तर हौदाच्या काठावर बसून बघत.

मीही हळूहळू त्यांच्या तावडीत सापडलो. कचेरी सुटल्यावर ते चिंचेखाली येत आणि माझ्या दिवसभराच्या नकला तपासत. तीन आठवडे मी नुसता तणतणलो. चौथ्या आठवड्यात एका बांधाच्या भांडणाचा अर्ज मी चार विधानांत लिहिला आणि पक्षकाराला वाचून दाखवला. त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तो म्हणाला, "एवढंच?" आणि नाराज होऊन गेला. पंधरा दिवसांनी तोच माणूस पेढे घेऊन आला. बांधाची मोजणी लागली होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अर्जाचं काय झालं ते मला कुणी येऊन सांगत होतं. मी त्यातला एक पेढा मास्तरांकडे नेला. ते म्हणाले, "मोजणी विधानामुळे लागली, पेढा कशामुळे आलाय?" पण खाल्ला.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती सांगतो.

एका हिवाळ्याच्या तोंडावर कागदीवाड्यात बातमी आली की येत्या सालापासून कचेऱ्यांतलं सगळं लिखाण गिरणीच्या कागदावर व्हायचं. जुन्नर तालुक्यातल्या आणि आंबेगाव पेट्यातल्या, म्हणजे उपतालुक्यातल्या, कचेऱ्यांना दस्तांसाठी लागणारा कागद ही त्या घरांची शेवटची भाकरी होती. व्यापाऱ्यांनी वह्यांसाठी गिरणीचा कागद कधीच धरला होता. गिरणीच्या कागदाचं मागणीपत्रक कचेरीच्या मुख्य कारकुनांनी, म्हणजे शिरस्तेदारांनी, तयार केलेलं होतं आणि प्रांतसाहेबांचा मुक्काम घोडेगावला पडला की तिथं त्यावर सही होणार होती. सही झाली की हौद कोरडे पडणार, यात कुणालाच शंका नव्हती.

चाचा माझ्याकडे आले. आणि मी काय करावं? इतकं शिकूनही, चाचांचा चेहरा बघितल्यावर माझा जुना हात शिवशिवला. वाटलं, असल्या मोठ्या दुःखाला विधानं काय पुरणार? तीन ताव भरून अर्ज लिहिला. माझ्या हातून उतरलेला तो सगळ्यांत रडका अर्ज असेल. चाचांनी तो मास्तरांकडून वाचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेही चिंचेखाली आले. मास्तर काही बोलायच्या आतच मी चढ्या आवाजात म्हणालो की तुमची गाडगी शाळेत ठेवा, इथं माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे.  चाचांनी माझा अर्ज पेटीवर ठेवला आणि हळूच म्हणाले, "भाऊ, तुमी लई जीव लावून लिवलंय, त्ये कळतंय. पर मास्तरांनी सांगितलं त्याचा अर्थ. ह्यात आमी रडतोय. आमचा कागद कसा हाय, त्ये कुटं हाय?"

मी तो अर्ज फाडला. शरमेनं माझे कान तापले होते.

अडचण अशी होती की मास्तरांना अर्जाला हात लावता येत नव्हता. शाळेला सरकारी मदत होती. कचेरीविरुद्धच्या अर्जात मास्तरांचा हात आहे असा वास जरी लागला असता तरी त्यांची नोकरी त्याच आठवड्यात गेली असती. त्यांना हे ठाऊक होतं. तरी चार संध्याकाळी ते हौदाच्या काठावर बसले, चाचांना विचारत राहिले, आणि मी लिहीत राहिलो. अक्षर माझं, वाक्यं त्यांची. मी मध्येच एखादं विशेषण घातलं की ते नुसते माझ्याकडे बघत आणि मी खोडत असे. शेवटी अर्ज झाला तो एका तावाच्या अर्ध्यावर. पाच विधानं. हा कागद आम्ही जुन्नरात करतो. आमच्या आजोबांनी केलेल्या कागदावरचे दस्त आपल्या दप्तरात आहेत. ते आजही वाचता येतात. गिरणीच्या कागदावरचे दस्त त्याच दप्तरात आहेत. त्यांच्या कडा तुटू लागल्या आहेत. आणि त्याखाली एक प्रश्न: आपले दस्त किती वर्षं टिकावेत अशी सरकारची इच्छा आहे?

मी विचारलं, विनंती कुठं आहे? मास्तर म्हणाले की या प्रश्नाचं उत्तर साहेबानं स्वतःशी दिलं की विनंती करायला नको. मला ते पटलं नव्हतं. आज पटतं.

दुसरी अडचण चाचांची. साहेब अर्जदाराला दोन शब्द विचारत आणि त्याचं उत्तर शिरस्तेदार इंग्रजीत सांगत. शिरस्तेदार चाचांच्या तोंडी काय घालतील याची खात्री नव्हती. म्हणून मास्तरांनी ठरवलं की चाचांनी पाच वाक्यं आणि तो प्रश्न स्वतःच इंग्रजीत बोलायचा. चाचांना मराठी वाचता येत नव्हतं, इंग्रजी तर दूरच. पहिले दोन दिवस काही जमेना. वाक्याची सुरुवात राही तर शेवट पळे. मग मास्तर म्हणाले, चाचा, बसून नको, काम करता करता म्हणा. साचा बुडवताना कोण करतं ते म्हणायचं, वर काढताना काय करतो ते म्हणायचं, ताव उलटा करताना उरलेलं. "वुई," म्हणत चाचा वाकले. "मेक," म्हणत साचा वर आला. "धिस पेपर इन जुन्नर," म्हणत ताव थप्पीवर पडला. एका तावाला एक वाक्य. मुलंबाळं हौदाभोवती जमून हसत होती. आठवडाभरात चाचांना सगळं पाठ झालं, आणि त्यांच्या सुनांनाही.

जुन्नरहून घोडेगाव म्हणजे बैलगाडीनं दिवसभराचा रस्ता. मास्तरांना शाळा सोडता येत नव्हती. गाडी निघताना ते कोपऱ्यावर उभे होते, मुलांना घेऊन झाडं ओळखायला निघाल्याचं निमित्त करून. आमच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. चाचांच्या मांडीवर नव्या कागदाची गुंडाळी होती आणि त्यांचे ओठ सारखे हलत होते.

साहेबांचा तंबू नदीकाठच्या आमराईत होता. साहेब तरुण होते, नाक उन्हानं सोललेलं, भीमाशंकराच्या रानात जाऊन नुकतेच परतलेले. शिरस्तेदारांनी अर्ज हातात घेतला, वाचला आणि साहेबांपुढे ठेवण्याऐवजी बाजूला सारला. त्यांचं म्हणणं असं की अर्ज नमुन्याप्रमाणे नाही. यात नम्रता नाही, प्रार्थना नाही, उलट सरकारला सवाल विचारलाय. मागणीपत्रक त्यांनी पुढे केलं. साहेबांनी टाक उचलला, आणि मग कशानं कोण जाणे, सवाल हा शब्द त्यांच्या कानावर अडकला असावा, त्यांनी तो अर्धा ताव मागून घेतला.

वाचायला फार वेळ लागला नाही. त्यांनी वर पाहिलं आणि हा कुणी लिहिला ते विचारलं.

शिरस्तेदारांनी माझ्याकडे बोट केलं, पण त्यांची नजर संशयाची होती. अकरा वर्षं माझे अर्ज त्यांच्या हाताखालून गेले होते. असा अर्ज माझ्या बापजन्मात मला साधणार नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ते साहेबांना म्हणाले की गावात एक मास्तर आहेत. मी पुढे झालो आणि इंग्रजीत म्हणालो, "आय रोट इट, सर."  खोटं मी अर्जांतून पुष्कळ लिहिलं होतं. साहेबाच्या तोंडावर कधी बोललो नव्हतो.

साहेब चाचांकडे वळले. चाचा हात जोडून उभे होते. मास्तरांनी शिकवलेलं तोंडून निघेना. एकदा ओठ हलले, पुन्हा मिटले. शिरस्तेदार हसले. तेव्हा चाचांनी जोडलेले हात सोडले, कमरेतून वाकले, समोर हौद असल्यासारखे दोन्ही हात खाली नेले आणि म्हणाले, "वुई." हात वर आले. "मेक." हात बाजूला उलटे झाले. "धिस पेपर इन जुन्नर." पुन्हा वाकले. दुसरं वाक्य. मग तिसरं. तंबूबाहेरचे पट्टेवाले तोंडावर हात ठेवून हसत होते, कारकून एकमेकांना कोपरानं ढोसत होते. चाचांना काही दिसत नव्हतं. ते काम करत होते. साहेब हसले नाहीत. खुर्चीतून पुढे झुकून ते त्या हातांकडे बघत होते. शेवटचा प्रश्न विचारताना चाचा सरळ उभे राहिले, हात खाली घेतले आणि साहेबांच्या डोळ्यांत बघून विचारलं. मास्तरांनी हे शिकवलं नव्हतं.  इतका अभिमान मला माझ्या कुठल्याच अर्जाचा कधी वाटला नव्हता, आणि हा तर माझा नव्हताच.

साहेबांनी पेट्याच्या कचेरीतून दप्तराचे दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले दस्तांचे गठ्ठे, मागवले, एक जुना आणि एक अलीकडचा. जुन्यातला कागद त्यांनी उलगडला, वाकवला, उन्हात धरला. अलीकडच्यातला उलगडताना त्याचा कोपरा त्यांच्या बोटांत आला. तो तुकडा त्यांनी शिरस्तेदारांच्या पुढ्यात ठेवला आणि मागणीपत्रकावर आडवी रेघ मारली. जमिनीचे दस्त, निवाडे, जे जे टिकायला हवं ते जुन्नरच्या कागदावर, पत्रव्यवहार गिरणीच्या. निम्मं काम गेलं, पण निम्मं राहिलं, आणि त्या निम्म्यावर कागदीवाड्याचे हौद माझ्या डोळ्यांदेखत पुढे कितीतरी वर्षं ओले राहिले.

हुकूम लेखी आला त्या शुक्रवारी कागदीवाड्यात हौदांच्या अंगणात माणसं जमली. चाचांनी मला मध्ये बोलावलं आणि सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर जरीकाठी शेला घातला. अर्ज मी लिहिला असं साहेबापुढे सांगून बसलो होतो. आता दुसरं काही बोलायची सोय नव्हती. गर्दीत मागे मास्तर उभे होते, कलत्या पगडीसह, आणि आपल्या मुलांना टाळ्या वाजवायला सांगत होते. मी खाली मान घालून उभा राहिलो. चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "भाऊ, ज्याचं हाय त्याला पोचव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेला धोतराच्या घडीत लपवून मास्तरांच्या घरी गेलो. ते ओटीवर कात्रणं निवडत बसले होते. मी शेला पुढे ठेवला. त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "तुम्ही तंबूत सांगितलंत ना, मी लिहिला म्हणून? झालं तर मग. तुमचाच."

"मास्तर, ते खोटं होतं."

"तुमच्या त्या खोट्यावर माझी चूल पेटतेय. घेऊन जा."

मी म्हणालो नेणार नाही. ते म्हणाले ठेवून घेणार नाही. बराच वेळ शेला आमच्या दोघांच्या मध्ये पडून राहिला.

त्यांच्या घरी मी दोन वर्षं येत होतो, पण त्यांच्या पत्नीचा चेहरा मी पाहिला नव्हता. ओटीवर परका माणूस असला की त्या आतून बोलत, तेही जेवणाची वेळ झाली एवढंच. त्या सकाळी दार उघडलं आणि त्या बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर नीट केला, माझ्याकडे बघून विचारलं, "अर्ज ह्यांनीच सांगितला होता ना?"

मी होय म्हणालो.

"मग द्या इकडं."

शेला त्यांनी उचलला, झटकला, आणि माझ्यादेखत, उघड्या ओटीवर, रस्त्यावरून माणसं जात-येत असताना, नवऱ्याच्या खांद्यावर घातला. दोन्ही पदर पुढे ओढून सारखे केले. मग आत गेल्या. मास्तर हातातल्या कात्रणांकडे बघत बसून राहिले. त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही.

तो शेला त्यांनी पुढे प्रत्येक सणाला पांघरला. एवढा भारी शेला कुठून आला असं गावात कुणीही विचारलं, तरी ते सांगत, "घरातून मिळाला."